‘कबूल आहे’ म्हटल्यानंतरचं अपील

आग्रा-मुंबई महामार्ग देवासवरून इंदूरला येतो, मानपूरपुढचा घाट उतरतो, धार जिल्ह्यात धामनोद मागे टाकून खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि सेंधव्यानंतर शिरपूरच्या बाजूनं महाराष्ट्रात शिरतो. या रस्त्यावर नाकाबंदी लागली की कधी डोडाचुऱ्याची पोती सापडतात, कधी गांजा, कधी कुणाच्या खिशात ब्राउन शुगरच्या पुड्या. मालव्याला ही गोष्ट नवी नाही. कंपनी सरकारच्या काळात इथली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. मंदसौर-नीमचकडे आजही सरकारी परवान्यावर खसखशीची शेती होते. नवी आहे ती 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची, म्हणजे एनडीपीएसची, करडी शिक्षा. त्या शिक्षेला घाबरून धार किंवा देवासच्या कोर्टात एखादा तरुण किंवा खानदेशातून आलेला ट्रकचालक तोंडातून दोन शब्द काढून बसतो: ‘कबूल आहे.’

बहुतेक वेळा त्याला तसं कुणीतरी सुचवलेलं असतं. तुरुंगातला जुना कैदी, ओळखीचा शिपाई, कधी घाईतला वकील. “भैया, जुर्म कबूल कर लो, जितनी काटी उतने में छूट जाओगे.” मग निकाल येतो, सुटका होत नाही, आणि घरचे धावत उच्च न्यायालयाचं खंडपीठ असलेलं इंदूर गाठतात. तिथं पहिला प्रश्न एकच असतो: स्वतःच गुन्हा कबूल केलाय, तर आता अपील होतं का?

होतं. पण दार अर्धंच उघडं असतं, आणि कोणतं अर्धं उघडं आहे ते आधी नीट समजून घ्यावं लागतं.

कायदा यावर स्पष्ट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 375 आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे बीएनएसएसचं, कलम 416 एकच गोष्ट सांगतात. आरोपीनं गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरच सत्र न्यायालयानं किंवा दंडाधिकाऱ्यानं त्याला दोषी ठरवलं, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही. अपील फक्त शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावर. त्या तारखेपूर्वी सुरू असलेल्या खटल्यांना आणि अपिलांना जुनी संहिताच लागू राहते, म्हणून कागदावर जुने आणि नवे असे दोन्ही कलमांक दिसले तर गोंधळून जाऊ नये.

याचा अर्थ असा की झडती चुकीची होती, पंच फुटीर होते, नमुने जागेवरच काढले, मुद्देमाल कोर्टात आलाच नाही, हे सगळे मुद्दे कबुलीबरोबर हातातून जातात. आणि एनडीपीएसमध्ये हे मुद्दे किरकोळ नसतात, खटलेच त्यांवर उलटतात. मध्य प्रदेशातलेच निकाल पाहा. जितेंद्र (2003) आणि विजय जैन (2013) या दोन्ही खटल्यांत जप्त केलेला माल कोर्टापुढे ठेवला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. मांगीलाल खटल्यात 2023 मध्ये नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढण्याची कलम 52-अ ची कार्यपद्धती पाळली नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. आरोपीनं अधिकाऱ्याला दिलेला जबाब कबुली म्हणून वापरता येत नाही, हे तमिळनाडूतल्या तोफान सिंग निकालानं ऑक्टोबर 2020 मध्ये पक्कं केलं. हे सारे आरोपी खटला लढले म्हणून तिथवर पोचले. कोर्टासमोर आरोप कबूल करणाऱ्यानं हा सगळा पत्ता न खेळताच टाकून दिलेला असतो. त्याचं अपील यापेक्षा वेगळ्या जमिनीवर उभं करावं लागतं.

ती जमीन म्हणजे ज्या दिवशी कबुली झाली त्या दिवशीचा कोर्टाचा कागद. वकिलाच्या फीची जुळवाजुळव, नातेवाइकांच्या बैठका आणि नवस हे सगळं नंतर. आधी नकला काढाव्यात. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत तिथल्या तिथं फुकट मिळाली पाहिजे, तसं कलम 363 (आता 404) सांगतं. पण नुसता निकाल पुरत नाही. सोबत लेखी आरोप, त्यावरचं आरोपीचं उत्तर, त्या तारखेची आणि आधीच्या-नंतरच्या तारखांची ऑर्डरशीट, जप्तीचा पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल आणि वकालतनामा यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असला की ई-कोर्ट्सवर तारखा पाहता येतात. तरी शिक्क्याची प्रत हातात हवीच.

ऑर्डरशीट हाती आली की ती सावकाश वाचावी, चारदा वाचावी. धार-देवासचं कामकाज हिंदीत चालतं. कबुलीच्या दिवशी साधारण अशी ओळ असते: “अभियुक्त को आरोप पढ़कर सुनाये व समझाये गये, अभियुक्त ने अपराध करना स्वीकार किया।” ओळ एकच, पण तिच्याभोवती प्रश्न खूप. आरोपीचा वकील त्या दिवशी हजर होता का, त्याची सही आहे का? आरोपीचे स्वतःचे शब्द कुठं लिहिलेत का, की नुसतं ‘स्वीकार किया’? तीन आरोपी असतील तर तिघांचं उत्तर वेगवेगळं घेतलं, की एका वाक्यात तिघंही दोषी? परिणाम समजावून विचार करायला वेळ दिला का? आरोप ठेवणं, कबुली आणि शिक्षा हे सगळं एकाच तासात उरकलं का? आरोपी नंदुरबारकडचा भिल्ली किंवा अहिराणी बोलणारा असेल तर त्याला कोर्टाची हिंदी किती कळली, आणि कुणी दुभाषा होता का?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मात्र त्याच्या उत्तराच्या मजकुराचा. “हां साहब, माल गाड़ी में था, पर बोरों में क्या था मुझे नहीं मालूम था.” ही कबुली नव्हे. माल गाडीत असल्याचं त्यानं मान्य केलं, माहिती असल्याचं नाकारलं. एनडीपीएसच्या कलम 35 आणि 54 नुसार आरोपीचं मन आणि ताबा याबद्दल कोर्ट त्याच्याविरुद्ध गृहीत धरू शकतं हे खरं, पण ते गृहीतक खोडण्याची संधी खटल्यातच मिळते. असं अर्धवट उत्तर ‘दोषी’ म्हणून नोंदवलं असेल तर मुळात कबुली झालीच नाही, असा युक्तिवाद उभा राहतो. मग 375 ची आडकाठी तरी कशी येणार?

या बाबतीत मराठी वाचकाला ठाऊक असलेलं सर्वांत ठळक उदाहरण आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयाचं आहे. 20 जुलै 2009 रोजी अजमल कसाब भर खटल्यात उभा राहिला आणि गुन्हा कबूल असल्याचं सांगू लागला. सगळ्या देशाला वाटलं, संपलं. न्यायाधीश म. ल. तहलियानी यांनी जबाब नोंदवला, कबुली सगळ्या आरोपांना पुरत नाही असं ठरवलं आणि खटला पुढे चालवला. दोषसिद्धी आली ती 3 मे 2010 ला, पुराव्यावर. कलम 229 (आता 252) मध्ये न्यायाधीशानं कबुली नोंदवावीच असं आहे, पण त्यावर दोषी ठरवणं त्याच्या मर्जीवर सोडलं आहे. ‘शकतो’ आणि ‘पाहिजे’ यांतलं हे अंतर कसाबच्या वाट्याला येतं, तर दहा वर्षांची शिक्षा समोर असलेल्या क्लीनरच्या वाट्याला का येऊ नये, हा प्रश्न अपिलात सरळ विचारता येतो.

आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे नोंदवावेत ही अपेक्षाही जुनी आहे. मद्रासच्या महंत कौशल्यादास खटल्यात 1965 साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंधनकारक ठरवली. तो निकाल समन्स खटल्यांच्या कलमाबद्दल होता, त्यामुळे सत्र खटल्यात तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण किरकोळ गुन्ह्यात जी काळजी घ्यायची ती मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात घ्यायची नाही, असं म्हणायला सरकारी वकिलालाही जड जातं.

इथं एक कटू गोष्ट सांगायलाच हवी, कारण घरचे लोक नेमके इथं फसतात. ऑर्डरशीटवर ‘समजावून सांगितलं’ असं लिहिलेलं असेल, तर ‘मला काहीच समजावलं नाही’ असं प्रतिज्ञापत्र इंदूरच्या खंडपीठापुढे टाकून फारसं साधत नाही. कोर्टात काय घडलं याबाबत न्यायाधीशाची नोंद अंतिम मानली जाते. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी लढवलेल्या प्रकरणात 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा नियम ठणकावून सांगितला. नोंद चुकली असं वाटत असेल तर आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशाकडे अर्ज करून ती दुरुस्त करून घ्यावी, वरच्या कोर्टात जाऊन नाकारत बसू नये. म्हणून कबुलीची नोंद खोटी किंवा अपुरी वाटत असेल तर त्याच आठवड्यात धार किंवा देवासच्या त्याच विशेष न्यायालयात लेखी अर्ज द्यावा. तो फेटाळला गेला तरी कागद उरतो, आणि अपिलात तो कामाला येतो. निकाल अजून लागलेला नसेल तर कबुली मागं घेण्याचा अर्जही तिथंच, निकालापूर्वी.

‘सौदा’ हा दुसरा मोठा विषय. भारतात कबुलीच्या बदल्यात सवलत देण्याची रीतसर सोय 5 जुलै 2006 पासून आहे, पण ती सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. एनडीपीएसमध्ये शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणे ठरते, आणि मधल्या प्रमाणाच्या मालाला दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणाला वीस वर्षांपर्यंत शिक्षा असल्यामुळे असले खटले त्या सोयीबाहेरच पडतात. अगदी अल्प प्रमाणाच्या प्रकरणातही तो मार्ग अर्ज करून, ठरलेल्या पद्धतीनंच धरावा लागतो. बीएनएसएसनं आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांची मुदत घातली आहे, आणि तिथं झालेला निकाल जवळजवळ अंतिम असतो. त्याबाहेर ‘साहेबांशी बोलणं झालंय’ असं कुणी सांगितलं तर त्याला कायद्यात जागा नाही.

अशा बोलण्यावर कबुली दिली गेल्याचं रेकॉर्डवरून दिसलं, तर मात्र वरची कोर्टं ती खपवून घेत नाहीत. महाराष्ट्रातल्या मुरलीधर लोया खटल्यात, खुरासणीच्या तेलातल्या भेसळीच्या प्रकरणात, न्या. कृष्ण अय्यर यांनी 1976 मध्ये अशा तडजोडींवर कोरडे ओढले. गुजरातच्या कासमभाई खटल्यात 1980 मध्ये अशा कबुलीवरची दोषसिद्धीच टिकली नाही. कर्नाटकच्या थिप्पास्वामीचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. अपघाती मृत्यूच्या खटल्यात त्यानं कबुली दिली, खाली दंडावर भागलं, आणि उच्च न्यायालयानं कैद ठोठावली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हलक्या शिक्षेच्या आशेवर कबुली घ्यायची आणि मग अपिलात शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेच्या कलम 21 ला धरून नाही. कबुली रद्द, खटला पुन्हा चालवा. त्यातलं ‘पुन्हा चालवा’ हे लक्षात ठेवावं. कबुली मोडली की आरोपी सुटत नाही, तो आरोपाच्या टप्प्यावर परत येतो.

दोषसिद्धीवर थेट अपील नाही म्हणून कबुलीच्या वैधतेचा हल्ला वकील कधी अपिलातच चढवतात, कधी पुनरीक्षण अर्जातून, म्हणजे रिव्हिजनमधून. कोणता मार्ग घ्यायचा हे कागद पाहिल्यावर ठरतं. रिव्हिजनची मुदत नव्वद दिवसांची असते, पण तिच्या भरवशावर अपिलाची मुदत घालवू नये.

आता उघड्या अर्ध्या दाराकडे, म्हणजे शिक्षेकडे. इथं वजनकाट्याला फार महत्त्व आहे. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपेक्षा कमी, व्यापारी प्रमाण वीस किलोंपेक्षा जास्त. डोडाचुरा एक किलो आणि पन्नास किलो. अफू पंचवीस ग्रॅम आणि अडीच किलो. हेरॉइन, म्हणजे ब्राउन शुगर ज्यात मोजतात ते, पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षं, आणि दंड एक लाख ते दोन लाख. मधल्या प्रमाणाला किमान शिक्षाच नाही, म्हणून ‘जितकी भोगली तितकी’ अशी शिक्षा तिथं कायद्यात बसते. व्यापारी प्रमाणात ती बसतच नाही. तिथं कबूल करून हाती काय लागलं? किमान दहा वर्षं, जी खटला हरूनही मिळालीच असती. हे आरोपीला कुणी सांगितलं होतं का, हा प्रश्न पुन्हा पहिल्या मुद्द्याकडे नेतो.

म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल आणि पंचनामा समोर ठेवून वजन स्वतः ताडून पाहावं. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले-फळलेले शेंडे. शेंडे नसलेली नुसती पानं आणि बिया कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. एकवीस किलोंच्या पोत्यात पोत्याचंच वजन किती होतं? उलट बाजूही आहे. 22 एप्रिल 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीच्या पुडीत शुद्ध पदार्थ किती हे पाहत नाहीत, सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. पुड्यांतला बराचसा माल नुसती पावडर होता, या युक्तिवादावर आता वेळ घालवू नये.

दंड न भरल्यास भोगायची जादा कैद हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. एक लाखाचा दंड भरणं ट्रकच्या क्लीनरला जमत नाही, आणि मग दहा वर्षांवर दोन-तीन वर्षं चढतात. मध्य प्रदेशातल्याच शांतिलाल खटल्यात दहा वर्षं कैद, एक लाख दंड आणि न भरल्यास तीन वर्षं अशी शिक्षा होती. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही जादा कैद सहा महिन्यांवर आणली. ती शिक्षा नसून पैसे न भरल्याचा परिणाम आहे, आणि माणसाची ऐपत पाहूनच ती ठरवावी, असं त्या निकालाचं सांगणं आहे. किमान शिक्षेला हात लावता येत नाही अशा व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात कबुलीनंतर पदरात पडणारी सर्वांत खात्रीची सवलत बहुधा हीच. खटल्याआधी तुरुंगात काढलेले दिवस कलम 428 (आता 468) खाली वजा झालेत का, तेही वॉरंटवर पाहावं. आकडेमोडीच्या चुका तिथं होतात.

मधल्या प्रमाणात मात्र शिक्षेवर बोलायला बरंच असतं: पहिलाच गुन्हा, कोवळं वय, माल अल्प प्रमाणाच्या जवळचा, त्याच खटल्यातल्या दुसऱ्याला कमी शिक्षा. व्यसनी माणूस असेल तर कलम 39 खाली उपचाराच्या अटीवर सोडण्याची तरतूद आहे, पण ती सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरती. वयाचा दाखला, शाळेचा दाखला, व्यसनमुक्ती केंद्राचे कागद, घरात कमावतं कोण याचा पुरावा हे अपिलाबरोबरच जोडावं. ‘साहेब, लहान मुलं आहेत’ हे तोंडी सांगून काही होत नाही. आणि एक दिलासा आहे. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात उच्च न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारला स्वतंत्र अपील करावं लागतं आणि आरोपीचं ऐकून घ्यावं लागतं.

कुठं आणि किती दिवसांत? विशेष न्यायालयाचा निकाल असेल तर एनडीपीएसच्या कलम 36-ब प्रमाणे अपील उच्च न्यायालयात, म्हणजे धार आणि देवास दोन्हींसाठी इंदूर खंडपीठात. मुदत साठ दिवस. अल्प प्रमाणाचा खटला दंडाधिकाऱ्यापुढे झाला असेल तर अपील जिल्ह्यातल्याच सत्र न्यायालयात, आणि मुदत फक्त तीस दिवस. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून नकलेसाठी अर्ज केल्याची पावती जपून ठेवावी. उशीर झालाच तर माफीचा अर्ज जोडता येतो, पण उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं. माल केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोनं किंवा नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोनं (एनसीबी) पकडला असेल तर प्रतिवादी राज्य सरकार नसून केंद्र सरकार असतं. ही चूक झाली की कार्यालयाच्या आक्षेपातच महिना जातो.

पैसे नाहीत म्हणून अपील अडू नये. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली वकील मोफत मिळतो. धार आणि देवासला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालयं कोर्टाच्या आवारातच असतात, इंदूरला उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे, आणि 15100 हा क्रमांक देशभर चालतो. तुरुंगातून अधीक्षकामार्फत अपील पाठवण्याचा हक्क कलम 383 (आता 424) देतं. मोफत वकिलाच्या हक्काच्या मुळाशी महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. बनावट पदवीच्या खटल्यात शिक्षा झालेले प्राध्यापक माधव होसकोट चार वर्षांहून अधिक उशिरानं सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालाची प्रत वेळेत हाती पडली नाही, ही त्यांची तक्रार होती. 1978 मध्ये ते स्वतः हरले. पण कैद्याला निकालाची प्रत विनाविलंब, फुकट आणि अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे हा नियम त्यांच्या नावावर राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुहास चकमा निकालात न्यायालयानं तुरुंगांतल्या विधी सेवेच्या देखरेखीबद्दल पुन्हा सविस्तर सूचना दिल्या आहेत, त्यांचा आधार घ्यायला संकोच करू नये.

कबुलीच्या दिवशी वकीलच नव्हता, किंवा त्याच दिवशी नेमलेला होता, तर तो मुद्दा सर्वांत पुढे ठेवावा. अरुणाचलच्या सुक दास प्रकरणात 1986 मध्ये मोफत वकिलाचा हक्क सांगितलाच नाही म्हणून दोषसिद्धी रद्द झाली. खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले होते; 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा बाजूला ठेवून खटला नव्यानं चालवायला सांगितला आणि अशा गंभीर खटल्यांत वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस असावेत असं म्हटलं. एनडीपीएसला तो निकाल थेट लागू नसला, तरी तयारीविना वकील म्हणजे वकील नव्हे, हे तत्त्व तेच आहे.

चुकीचा सल्ला हा मुद्दा आपल्याकडे अजून दुबळा आहे. अमेरिकेत तो किती दूर जातो हे तिथं मुलंबाळं असलेल्या मराठी घरांनी ध्यानात ठेवावं. होंडुरासहून आलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला आणि चाळीस वर्षं तिथं राहिलेला होझे पदिया हा ट्रकचालक केंटकीत गांजाच्या वाहतुकीत सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं झालीत, हद्दपारीची काळजी नको. त्या भरवशावर त्यानं गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची नोटीस आली. 31 मार्च 2010 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हद्दपारीचा धोका न सांगणं ही वकिलाची घटनात्मक चूक आहे. ग्रीन कार्ड किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या मुलानं तिथं अमली पदार्थाच्या किरकोळ आरोपातही ‘गिल्टी’ म्हणण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलंच पाहिजे.

अपील चालू असताना बाहेर येणं व्यापारी प्रमाणात अवघड असतं. कलम 32-अ शिक्षा स्थगित करायलाच मनाई करत होतं. महाराष्ट्रातल्या दादू उर्फ तुलसीदास खटल्यात ऑक्टोबर 2000 मध्ये ती मनाई न्यायालयाच्या अधिकारापुरती मोडून पडली, पण कलम 37 च्या जामिनाच्या कडक अटी कायम राहिल्या. मधल्या आणि अल्प प्रमाणात त्या अटी आड येत नाहीत, तिथं स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा.

कबुली मोडून खटला पुन्हा उभा करायचा की नाही, हा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये. मधल्या प्रमाणात तीन वर्षं झाली असतील आणि दोन भोगून झाली असतील, तर फेरखटल्यात जास्त शिक्षेची टांगती तलवार कशाला ओढवून घ्यायची? तिथं शिक्षेपुरतं अपील शहाणपणाचं. व्यापारी प्रमाणात दहा वर्षं झाली असतील, पंचनाम्यात भोकं असतील, नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढलेले नसतील, तर कबुली मोडण्यात गमावण्यासारखं कमी आणि मिळवण्यासारखं पुष्कळ. मधला काही मार्ग सुचवणारा वकील भेटला तर त्याला ऑर्डरशीटवर बोट ठेवून कारण विचारावं.

आणि माणूस शिक्षा भोगून बाहेर आला तरी अपील आपोआप संपत नाही. ते चालवण्याचं कारणही उरतं: एनडीपीएसच्या कलम 31 खाली पुन्हा तसाच गुन्हा ठरला तर शिक्षेची कमाल मर्यादा दीडपट होते, आणि किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात किमानही दीडपट. सुटका झाली की वकिलाला नवा पत्ता आणि फोन क्रमांक लेखी कळवावा आणि वकालतनाम्यावरची तुरुंगातली सही किंवा अंगठा अधीक्षकानं साक्षांकित केलेला आहे ना, ते पाहून घ्यावं. नसेल तर नवा वकालतनामा लगेच भरून द्यावा.